जानेवारीतला रिपोर्ट, मेमधलं बोट

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

«डॉक्टरताई, मी ४९ वर्षांची. आमचं एकत्र कुटुंब. धाकटी जाऊ ४४ वर्षांची. गेल्या जानेवारीत महिला मंडळातर्फे मॅमोग्राफीची सवलत होती. ती नको म्हणत होती, मीच ओढून नेलं. दोघींचे रिपोर्ट क्लिअर आले. मे महिन्यात आंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या बाजूला वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. तिनं ते फक्त मला सांगितलं. मी म्हटलं, 'अगं, जानेवारीत तर क्लिअर आलाय, पाळीच्या आधीचं असेल.' त्यानंतर ती गप्प राहिली. ऑक्टोबरात गाठ डोळ्याला दिसायला लागली तेव्हा दाखवलं. सोनोग्राफीत २३ मिलिमीटर. बायोप्सीत कॅन्सर, ट्रिपल निगेटिव्ह. काखेत काही नाही म्हणतात. आता केमो चालू आहे. सासूबाई म्हणतात, मशीनमध्ये दाबलं म्हणून झालं. दीर म्हणतात, सेंटरवर केस करायची. जानेवारीच्या तिच्या रिपोर्टवर 'घनता डी, बायरॅड्स १' असं लिहिलंय. मशीन चुकलं की मी चुकले? मी स्वतः आता दर तीन महिन्यांनी मॅमोग्राम काढू, की काढूच नको? जाऊ मला एका शब्दानं बोललेली नाही, तेच सहन होत नाही. पुतणी सोळा वर्षांची आहे, तिचीही काळजी वाटते. — थोरली जाऊ, इचलकरंजी»

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली, कारण तुम्ही तीन तारखा आणि दोन मापं दिली आहेत. सत्तावीस वर्षं मी मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचे एक्स-रे, वाचले, पण घरच्या माणसाकडून इतकी नेमकी माहिती क्वचितच मिळाली. तेवढ्यावरून बराचसा हिशोब मांडता येतो. तुमच्या घरात आज जे आरोप हवेत तरंगताहेत, त्यांतले निम्मे या हिशोबानं खाली बसतील. तेव्हा आधी हिशोब करू, मग तुमच्याबद्दल बोलू.

पोस्टातली दामदुप्पट तुम्हाला माहीत आहे. ठरावीक मुदतीत रक्कम दुप्पट, पुन्हा तेवढ्याच मुदतीत त्याच्या दुप्पट. गाठीचंही तसंच असतं. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार. अशी तीस वेळा दुप्पट झाली की शंभर कोटींच्या वर पेशी होतात, आणि तेव्हा कुठे एक सेंटिमीटरची गाठ बनते. एक सेंटिमीटर म्हणजे मोठ्या वाटाण्याएवढी. त्यापुढे दोन सेंटिमीटर व्हायला फक्त तीन दुपटी पुरतात, कारण व्यास दुप्पट व्हायचा तर आकारमान आठपट व्हावं लागतं. म्हणजे गाठ हाताला लागते तेव्हा तिचं बहुतेक आयुष्य कोणाच्याही नजरेला न पडता सरलेलं असतं. 'नऊ महिन्यांत एवढी कशी झाली' असं आपल्याला वाटतं, कारण आपण शेवटच्या चार-पाच दुपटीच पाहतो.

आता तुमचे आकडे. मे महिन्यात वाटाणा, समजा साडेआठ मिलिमीटर. ऑक्टोबरात २३. पाच महिन्यांत व्यास पावणेतीनपट झाला, म्हणजे आकारमानाच्या साधारण चार दुपटी. एका दुपटीला पाच आठवडे. याच वेगानं मागे चालत गेलं तर मेपासून जानेवारीपर्यंत साडेतीन दुपटी कमी होतात, आणि मॅमोग्रामच्या दिवशी ती गाठ जेमतेम चार मिलिमीटरची निघते. धण्याचा दाणा असतो, तेवढी. बोटाला लागलेला वाटाणा कोणी फूटपट्टीनं मोजलेला नव्हता, म्हणून हा हिशोब अंदाजाचाच आहे. पण वाटाणा थोडा लहान-मोठा धरला तरी जानेवारीतली गाठ तीन ते पाच मिलिमीटरच्या आसपासच निघते.

सासूबाईंचं उत्तरही इथेच मिळतं. साडेआठ मिलिमीटर म्हणजे जवळपास एकोणतीस दुपटी. पाच आठवड्यांनी गुणा: १४५ आठवडे. सुरुवातीचा वेग आणि नंतरचा वेग अगदी एकसारखा नसतो, तरी पहिली पेशी बिघडली ती जानेवारीच्या दोन-अडीच वर्षं आधीच्या आसपास. मशीनची पाटी ज्या दिवशी तिच्या अंगाला लागली त्या दिवशी आत कोट्यवधी पेशी होत्याच. दाबल्यानं कॅन्सर होत नाही. पाटी दाबतात ती उती पसरून पातळ व्हावी म्हणून. एकावर एक पडलेले पदर सुटे होतात, चित्र स्वच्छ येतं आणि किरणही कमी लागतात. सासूबाईंना हे रागावून सांगू नका. म्हाताऱ्या माणसाला दुखापत आणि आजार यांचा संबंध जोडावासा वाटतो, कारण दुखापत डोळ्यांना दिसलेली असते.

मग धण्याएवढी गाठ मशीनला का दिसली नाही? याचं उत्तर माझ्या अनुभवापेक्षा मोठ्या ठिकाणाहून देते. नॉर्वेत ५० ते ६९ वयाच्या सगळ्या बायकांना सरकार दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीला बोलावतं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर हे सुरू झालं. २००८ साली तिथल्या संशोधकांनी सुमारे ३ लाख ९५ हजार बायकांच्या नोंदी घेऊन एक प्रश्न सोडवायला घेतला: स्तनातली गाठ वाढते किती वेगानं, आणि कितीची झाली की मशीनला दिसते?

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. शेतात तण दिसलं की आपण उपटतो. तेच अजून महिनाभर ठेवलं असतं तर केवढं झालं असतं, हे कोणी बघत बसत नाही. गाठीचंही तसंच. सापडली की काढतात, काढलीच पाहिजे. त्यामुळे वाढ प्रत्यक्ष पाहायला मिळत नाही, ती गणितानंच ताडावी लागते. त्यातही एक पेच आहे. समजा, दोन तपासण्यांच्या मधल्या काळात बऱ्याच बायका स्वतःहून गाठ घेऊन आल्या. याची दोन कारणं असू शकतात: एक तर मशीनला तेव्हा दिसलं नाही, नाहीतर गाठी फार झपाट्यानं वाढल्या. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. वेगळं करायचं कसं? वेळ आणि आकार पाहून. तपासणीत निसटलेल्या गाठी लवकर, पहिल्या काही महिन्यांतच वर येतात. नंतर वाढलेल्या गाठी दुसऱ्या वर्षात जास्त दिसतात. तपासणीत सापडलेल्या गाठी किती मिलिमीटरच्या होत्या आणि मधल्या काळातल्या किती, हेही सोबत जुळवायचं. वाढीचा कुठला वेग आणि मशीनची कुठली नजर धरली तर खऱ्या नोंदींशी सगळ्यात जास्त मेळ बसतो, हे शोधायचं. प्रतिरूप म्हणतात ते हेच.

उत्तर असं आलं. पाच मिलिमीटरची गाठ मॅमोग्रामला दिसण्याची शक्यता २६ टक्के. दहा मिलिमीटरची असेल तर ९१ टक्के. या दोन आकड्यांपाशी मी थांबते, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. धणा आणि वाटाणा यांच्यामध्ये मशीनची नजर एकदम उघडते. जानेवारीत तुमच्या जावेची गाठ त्या उंबरठ्याच्या अलीकडे होती. चारांतल्या तीन वेळा ती कोणालाही दिसली नसती, आणि हे झालं नॉर्वेतल्या पन्नाशी उलटलेल्या बायकांचं, ज्यांच्या स्तनात चरबीचं प्रमाण वाढलेलं असतं. तुमची जाऊ ४४ ची, आणि रिपोर्टवर 'घनता डी'. सोबतचं 'बायरॅड्स १' म्हणजे फिल्मवर संशयास्पद काही दिसलं नाही, एवढाच शेरा.

हे 'डी' काय आहे ते सांगते, कारण आपल्याकडे ही ओळ बायकांना कोणीच वाचून दाखवत नाही. फिल्मवर चरबी काळी दिसते आणि ग्रंथींची उती पांढरी. गाठही पांढरीच. ए म्हणजे जवळपास सगळी चरबी, डी म्हणजे जवळपास सगळी दाट उती. ए प्रकारच्या फिल्मवर गाठ काळ्या पाटीवरच्या खडूच्या ठिपक्यासारखी उठून दिसते. डी प्रकारात तीच गाठ म्हणजे तांदळाच्या पिठात सांडलेला साबुदाणा. मी अशा फिल्म भिंगाखाली धरून, दिवे मालवून, डावी-उजवी शेजारी लावून तासन्‌तास पाहिल्या आहेत. दिसत नाही तर नाहीच दिसत. म्हणून डी आलं की सोबत सोनोग्राफी करून घ्यावी असा सल्ला बरेच डॉक्टर देतात. अमेरिकेत तर सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक बाईला तिची घनता लेखी कळवणं सक्तीचं झालंय. तुमच्या जावेच्या रिपोर्टवर ते छापलं होतं, पण समजावून कोणी सांगितलं नाही. दीर रागावले आहेत, तर त्यांचा राग इथे रास्त आहे असं मी म्हणेन.

केसबद्दल एवढंच. जानेवारीच्या त्या तारखेची फिल्म घ्या, आणि तिथल्याच नव्हे तर दुसऱ्या रेडिओलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. मधल्या काळात निघालेल्या कॅन्सरच्या जुन्या फिल्म अशा पुन्हा पाहिल्या की तीन प्रकार निघतात. पहिल्यात जुन्या फिल्मवर खरंच काही नसतं. दुसऱ्यात पुसट खूण असते, पण ती आज कळते, कारण आज कुठे पाहायचं ते ठाऊक आहे. तिसऱ्यात स्पष्ट दिसत असून निसटलेलं असतं. पहिला गट सगळ्यात मोठा असतो. तुमच्या हिशोबावरून मला पहिल्याचीच दाट शंका आहे, पण फिल्म न पाहता मी शिक्का मारणार नाही. दिरांनाही सांगा, फिल्म पुन्हा वाचून होईपर्यंत वकिलाकडे जाऊ नका. घरातली ताकद सध्या दुसरीकडे लागते आहे.

आता नॉर्वेचा दुसरा आकडा, जो तुमच्या 'दर तीन महिन्यांनी काढू का' या प्रश्नाला भिडतो. एक सेंटिमीटरची गाठ दोन सेंटिमीटर व्हायला सरासरी १.७ वर्षं लागतात. पण सरासरीनं फसू नका. सगळ्यात वेगवान ५ टक्के गाठींना तेवढ्यासाठी १.२ महिनेसुद्धा लागत नाहीत, आणि सगळ्यात संथ ५ टक्क्यांना ६.३ वर्षांहून अधिक लागतात. एकाच आजाराच्या नावाखाली ससा आणि कासव दोन्ही. पन्नाशीतल्या बायकांमध्ये ही सरासरी १.४ वर्षं निघाली, साठीतल्यांमध्ये १.९. वय जितकं कमी तितका वेग जास्त, असा कल आहे. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानानं साधारण दहा वर्षं आधी गाठतो, त्यामुळे हा कल आपल्याला जास्त लागू पडतो.

मिरज जंक्शन तुम्हाला जवळचं. समजा, तुम्ही दर दोन तासांनी फलाटावर जाऊन कुठली गाडी उभी आहे ते लिहून ठेवता. महिनाभरानं वही उघडली तर त्यात पॅसेंजर आणि मालगाड्याच जास्त दिसतील. एक्सप्रेस आल्या असतील तितक्याच, पण त्यांचा मुक्काम पाच-दहा मिनिटांचा. तुम्ही पोचायच्या आत निघून गेलेल्या. मॅमोग्राफी अशीच आहे. गाठ मशीनला दिसण्याजोगी झाली पण बाईला अजून जाणवलेली नाही, हा जो मधला काळ, तो तिचा मुक्काम. मुक्काम लांब असलेल्या गाठी तपासणीत सापडतात, आणि त्याच बहुतेक संथ असतात. आखूड मुक्कामाच्या गाठी दोन तपासण्यांच्या मधून निघून जातात. ट्रिपल निगेटिव्ह गाठी, म्हणजे ज्यांवर हार्मोनची आणि हर-टू प्रथिनावरची औषधं चालत नाहीत अशा, या दुसऱ्या जातीत जास्त प्रमाणात आढळतात.

म्हणूनच 'तपासणीत सापडलेल्या बायका जास्त वर्षं जगल्या' एवढ्यावरून मॅमोग्राफीचं यश ठरवत नाहीत. तिथे पॅसेंजर गाड्याच मोजल्या जात असतात. न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली सुरू झालेल्या पहिल्या मोठ्या चाचणीपासून पद्धत अशी पडली की बायकांचे चिठ्ठी टाकून दोन गट करायचे आणि सरळ मृत्यू मोजायचे. स्वीडनच्या दोन जिल्ह्यांत १९७७ पासून झालेल्या चाचणीत तपासणीला बोलावलेल्या गटात स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी निघाले. म्हणजे सगळे कॅन्सर पकडत नसूनही मॅमोग्राफी जीव वाचवते. या एका प्रकरणामुळे ती सोडून देऊ नका.

आणि तीन महिन्यांचं म्हणाल, तर नाही. सगळ्यात वेगवान गाठीला तीन महिन्यांतही सात दुपटी करता येतात. तिच्यापुढे तीन महिन्यांचं अंतरही तोकडंच आहे. उलट दर वेळी एखादी सावली दिसणार, पुन्हा फिल्म, पुन्हा सुई, पुन्हा आठ दिवस झोप नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनं २०२४ मध्ये सल्ला बदलला तो सहा वेगवेगळ्या गटांची अशी गणिती प्रतिरूपं समोर ठेवून: ४० ते ७४, दर दोन वर्षांनी. तुम्ही ४९ च्या. तुमचा स्वतःचा रिपोर्ट काढा, घनतेची ओळ बघा. ए किंवा बी असेल तर एक-दोन वर्षांनी काढत राहा. सी किंवा डी असेल तर सोबत सोनोग्राफीचं विचारा. पाळी चालू असेल तर ती संपल्यानंतरचा आठवडा धरा, तेव्हा दुखतंही कमी.

एक गोष्ट लक्षात घ्या, जी घरातल्या धावपळीत कोणाच्याच ध्यानात आली नसेल. जावेचा आजार तुमच्या रक्तात नाही. तिच्यामुळे तुमचा धोका वाढलेला नाही. पुतणीचं मात्र वेगळं. ट्रिपल निगेटिव्ह, आणि तेही ४४ व्या वर्षी, म्हटल्यावर जावेची बीआरसीए जनुकांची तपासणी करून घ्यायला हवी; या जनुकांत दोष असला तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका आईकडून किंवा वडिलांकडून मुलांत उतरू शकतो. डॉक्टरांनी अजून सांगितली नसेल तर तुम्ही विचारा. दोष निघालाच तर जावेच्या उपचारातही त्याचा उपयोग होतो, तिच्या बहिणींना कळवता येतं, आणि पुतणी मोठी झाल्यावर तिची तपासणी केव्हा सुरू करायची हे ठरवता येतं. सोळाव्या वर्षी तिला मशीनपाशी नेऊ नका. तिला आत्ता आई हवी आहे, आणि घरात कुजबुज थांबायला हवी आहे.

आता तुमच्याबद्दल.

तुम्ही विचारलंत, मशीन चुकलं की मी चुकले. वरचा हिशोब पुन्हा बघा. समजा, तुम्ही जावेला दर सहा महिन्यांनी मॅमोग्रामला नेलं असतं. पुढचा आला असता जुलैत. पण तिच्या बोटाला गाठ लागली मे महिन्यात. कुठल्याही मशीनच्या दोन महिने आधी, वाटाण्याएवढी असताना, आंघोळीच्या साबणाच्या हातानं तिनं ती शोधली होती. त्या दिवशी सगळ्यात चांगली तपासणी तिनंच केली होती. ती थांबली ती एका वाक्यानं, 'जानेवारीत तर क्लिअर आलाय.'

ते वाक्य चुकीचं होतं, ताई. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही, कारण तो तुम्हाला पटणार नाही आणि रात्री तीनला पुन्हा जाग येईल. पण हे वाक्य तुम्ही बनवलेलं नाही. ते आमच्याकडून तुमच्यापर्यंत आलं. नोकरीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत मी स्वतः शेकडो बायकांना रिपोर्ट हातात देताना म्हणाले आहे, 'आता वर्षभर निर्धास्त राहा.' मग एक शिक्षिका परत आली. नवव्या महिन्यात, लिंबाएवढी गाठ घेऊन. तिला ती पाचव्या महिन्यातच लागली होती. मी विचारलं, लगेच का नाही आलात? ती अगदी साधेपणानं म्हणाली, 'मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, वर्षभर.' तिची जुनी फिल्म मी त्या संध्याकाळी पुन्हा लावली. तीत काही नव्हतं. फिल्म खरी होती, माझं वाक्य खोटं होतं. त्या दिवसापासून मी रिपोर्ट देताना म्हणते, 'आज काही दिसलं नाही. उद्या हाताला काही लागलं तर हा कागद घरी ठेवून या.' हे वाक्य कोणीतरी जानेवारीत तुम्हा दोघींना म्हणायला हवं होतं. एक मिनिट लागलं नसतं.

पाच महिन्यांनी काय बिघडलं, हेही तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही विचारलं नाहीत. गाठ साडेआठवरून २३ झाली, हा फरक खरा आहे. पण ट्रिपल निगेटिव्हला एक सेंटिमीटरच्या आसपाससुद्धा केमो बहुधा द्यावीच लागते, तेव्हा आज ती ज्यातून जाते आहे त्यातलं बरंचसं मेमध्येही आलंच असतं. काखेत काही नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. आणि भराभर वाढणाऱ्या पेशींवरच केमोचा मारा जोरात बसतो. ज्या वेगानं गाठीनं घात केला तोच वेग औषधाच्या कामी येतो. ऑपरेशनच्या आधी केमो देऊन गाठ पूर्ण विरघळलेल्या बायकांची पुढची वाटचाल बरी होते. डॉक्टरांना विचारा, गाठ किती आटली. त्या आकड्याची वाट आता घरानं बघावी, जानेवारीच्या आकड्याची नव्हे.

जाऊ तुम्हाला एका शब्दानं बोलली नाही म्हणता. तिच्याशी तुम्हीच बोला, पण केमोच्या दिवशी नाही आणि त्यानंतरचे चार-पाच दिवसही नाही, तेव्हा तोंडाला चव नसते आणि माणूस नुसतं पडून असतं. तिसऱ्या आठवड्यात जरा उठून बसते तेव्हा, दुपारी, दोघीच असताना. एवढंच म्हणा: 'तू मेमध्ये सांगितलंस तेव्हा तुझं बरोबर होतं. मी चुकीचं बोलले.' मागाहून रडू नका, माफ केलंस का असं विचारू नका. विचारलंत तर तिला तुमचं सांत्वन करत बसावं लागेल, आणि ती धाकटी आहे, करेल बिचारी. तिची गप्प राहण्याची कारणं तुमच्या समजुतीपेक्षा वेगळीही असू शकतात. पाच महिने गाठ लपवल्याचं ती स्वतःच्याच माथी मारत असेल. तुमच्या त्या एका वाक्यानं तिचंही ओझं उतरेल.

मंडळात पुन्हा शिबिर होईल तेव्हा जाऊन बोलाल का? आपल्या देशात २०२२ या एका वर्षात अंदाजे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाला आणि ९८ हजार गेल्या. मॅमोग्राफीचं मशीन गावोगावी पोचलेलं नाही, लवकर पोचणारही नाही. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची पाच वर्षांतून एकदा हातानं तपासणी आहे, तीही किती जणी करून घेतात? हाताला कमी लेखू नका. मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून दीड लाखांवर बायकांवर चाचणी केली. मशीन नाही, फक्त शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांचे हात, दर दोन वर्षांनी. वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये छापून आला. पुढच्या टप्प्यात पोचलेले कॅन्सर ४७ टक्क्यांवरून ३७ वर आले, आणि पन्नाशीवरच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

आणि एक चाचणी, तुमच्या कापडाच्या गावाला जवळची वाटावी अशी. शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या २ लाख ६६ हजार कामगार बायकांपैकी निम्म्यांना दर महिन्याला स्वतः तपासायला शिकवलं. मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. म्हणून मी बायकांना दर महिन्याची तारीख लावून भीत भीत चाचपत बसा असं सांगत नाही. आंघोळीच्या वेळी स्वतःचं अंग ओळखीचं असू द्या. आणि काही नवं लागलं, एक पाळी येऊन गेली तरी राहिलं, तर दाखवा. मागचा रिपोर्ट काहीही असो. तुमच्या जावेनं पहिलं सगळं बरोबर केलं होतं.

शेवटचं एक काम. जानेवारीचा तो मोठा लिफाफा कपाटात कुठेतरी असेल. रागानं फाडू नका, आणि केसच्या भानगडीत मूळ फिल्म कोणाच्या हातात देऊन बसू नका, प्रत काढून द्या. त्या लिफाफ्यात डाव्या बाजूच्या दोन फिल्म आहेत तशा उजव्या बाजूच्याही दोन आहेत. उजवी बाजू आज निरोगी आहे, आणि तिच्याकडे पुढची कितीतरी वर्षं लक्ष ठेवायचं आहे. नवी फिल्म वाचणारा डॉक्टर सगळ्यात आधी विचारतो, 'जुनी आहे का?' पुढच्या अपॉइंटमेंटला जाताना तो लिफाफा पिशवीत टाका.